शिळफाट्यावरचा निरोप

अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर महिनाभराच्या मुक्कामात जुळलेली मैत्री साधारणपणे खोपोलीच्या शिळफाट्यापर्यंत टिकते. मुंबईकर पेणलाच गळालेले असतात. इथून पुणेकर बोरघाट चढतात, कर्जतकर पळसदरीकडे वळतात.

निरोपाचा विधी ठरलेला आहे. आधी वडापाव, मग बिलावरून प्रेमळ झटापट (महिनाभर शहाळ्यांचे पैसे देताना ती कधी झालेली नसते). ‘घरी यायचंच हं!’ हे पत्ता न देता म्हटले जाते. नंबर ‘अलिबागचे काका’ या नावाने जतन होतो. काका मुळात चिंचवडचे. डोळे पाणावतात, त्यात ट्रकच्या धुराचाही वाटा असतो. सुकटीची पिशवी मात्र भलत्याच गाडीत राहते. पुढचा एकमेव फोन तिच्यासाठी येतो.