राजपुत्राची तारीख

'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या जुन्या व्हिडिओ गेमचा नवा अवतार २१ जानेवारी २०२१ रोजी बाजारात यायचा होता. तो कायमचा रद्द झाला २१ जानेवारी २०२६ रोजी. तारखेला तारीख, बरोबर पाच वर्षं. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने या सगळ्या प्रकरणात वक्तशीरपणा दाखवला तो एवढाच.

पर्शियाच्या राजपुत्राचं आपल्या शिरूर-दौंडला काय काम, असं कुणी विचारेल. काम असं, की हा गेम पुण्यात घडत होता. २००८ पासून युबिसॉफ्टचा पुण्यात स्टुडिओ आहे, पुढे मुंबईतही निघाला. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं, की जगभर नावाजलेला हा गेम इथली मंडळी नव्याने बनवताहेत. दौंडहून सकाळची शटल धरून किंवा शिरूरहून वाघोलीच्या गर्दीत तासभर घालवून पुण्यात कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांना ही बातमी केवढी वाटली असेल! घरच्यांच्या लेखी तोवर गेम म्हणजे पबजी, आणि पबजीवर सरकारने त्याच महिन्यात बंदी घातली होती.

घोषणेबरोबर ट्रेलरही आला, आणि जगाने टिंगल सुरू केली. चेहरे मेणाचे दिसतात, सगळं वीस वर्षांपूर्वीचं वाटतं, वगैरे. (दिसत होतंच तसं. आपल्या गावचं म्हणून सोडून द्यायचं कारण नाही.) जानेवारीचा मार्च झाला, मार्चचा 'पुढे कळवू' झाला. मे २०२२ मध्ये गेम पुण्याकडून काढून मॉन्ट्रियलला नेला. २००३ चा मूळ गेम तिथलाच. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांना ते परत मिळाले. या गेमच्या कथेत पर्शियाचं सैन्य हिंदुस्थानातल्या एका महाराजाचा राजवाडा लुटतं आणि वेळ मागे फिरवणारा खंजीर घेऊन जातं. कंपनीने कथा फारच मनावर घेतली म्हणायची.

मॉन्ट्रियलने पुढची साडेतीन वर्षं काय केलं ते आता कुणालाच बघायला मिळणार नाही. कंपनीने एका झटक्यात सहा गेम मोडीत काढले, सात पुढे ढकलले आणि दुसऱ्या दिवशी तिचा शेअर एक तृतीयांशाने आपटला. पुणेकरांना जमलं नाही म्हणून ज्या नामवंतांकडे काम दिलं, त्यांच्याही हातून गेम बाहेर पडला नाही. पण मॉन्ट्रियलला कुणी हसलं नाही, कारण हसायला त्यांनी फारसं काही दाखवलंच नव्हतं. पुण्याचा ट्रेलर मात्र आजही जगजाहीर आहे.

माझं भांडण इथे आहे. कुठल्याही रद्द झालेल्या गेमवर काम केलेल्या माणसाकडे उरतं काय? तीन-चार वर्षं रात्री जागून त्याने एखादा महाल रंगवला, एखादी उडी नीट बसवली. गेम निघाला असता तर शेवटच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव झळकलं असतं आणि ते दाखवून पुढची नोकरी मिळाली असती. गेम निघाला नाही, तर केलेलं काम गोपनीयतेच्या कराराखाली कुलूपबंद. मुलाखतीत 'एवढी वर्षं काय केलंत?' असं विचारलं तर 'सांगता येत नाही' असं उत्तर द्यायचं. न्हावऱ्याचा घोडगंगा साखर कारखाना बंद पडला तेव्हा कामगारांना थकलेल्या पगारासाठी निदान आंदोलन करता आलं, सभासदांना जाब विचारता आला, २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत तो विषय गाजला. धुराडं थंड पडलं तरी उभं दिसतं. रद्द झालेल्या गेमचं धुराडंही दिसत नाही.

संघटना करा म्हणाल, तर तेही झालं. याच कंपनीच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या स्टुडिओत डिसेंबर २०२५ मध्ये कामगार संघटना झाली. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच जानेवारीत स्टुडिओ बंद, ७१ जण घरी. दोन्हींचा काही संबंध नाही, असं कंपनी म्हणाली. नसेल बुवा.

एकटी युबिसॉफ्टच अशी, असंही नाही. जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे ९ हजार जणांना नारळ दिला आणि त्याच दणक्यात 'परफेक्ट डार्क' आणि 'एव्हरवाइल्ड' हे वर्षानुवर्षं गाजावाजा झालेले गेमही गुंडाळले. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' तर २०२४ मध्ये ऑगस्टात आला आणि सप्टेंबरात गेला. आमच्याकडे गणपतीही जवळजवळ एवढेच दिवस बसतो.

राजपुत्राचा गेम रद्द झाल्याची बातमी चहाच्या टपरीवर सांगून बघा. 'बरं झालं, पोरं कर्जबाजारी झाली होती' असंच ऐकू येईल. टपरीवरच्या काकांना वाटतं रमी बंद झाली. पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच केला, ते वेगळं. पोरांचे खिसे कापणारे आणि महाल रंगवणारे या दोघांना आपण एकाच पोत्यात भरतो. आणि रमीचंच म्हणाल, तर विधान परिषदेत मोबाइलवर पत्ते दिसले म्हणून माणिकराव कोकाटे यांचं कृषिखातं गेलं आणि आपल्या शेजारच्या इंदापूरच्या भरणेमामांकडे आलं. आपण खेळत नव्हतो, असं कोकाटे म्हणत राहिले. त्या वेळी नोकरी गेली का त्यांची? क्रीडाखातं मिळालं! ज्यांनी गेम बनवला त्यांच्यासाठी अशी सोय कुठल्याच कंपनीत नाही.

पुण्याला जमत नाही, हेही कुणी म्हणू नये. नॉडिंग हेड्स नावाच्या पुण्यातल्याच चिमुकल्या स्टुडिओला २०१७ मध्ये लोकवर्गणीतून ठरलेली रक्कम उभी करता आली नव्हती. तरी त्यांनी २०२० मध्ये 'राजी' हा गेम पूर्ण करून विकायला ठेवला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं. राजपुत्राच्या ट्रेलरचं हसं झालं तेही त्याच साली, त्याच शहरात.

आता राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलंय. आराखडा थेट २०५० पर्यंतचा, रक्कम ३,२६८ कोटी, आश्वासन २ लाख रोजगारांचं. म्हणजे क्लासवाल्यांचे फलक वाढणार आणि त्यांवर '१०० टक्के प्लेसमेंट' असणारच. पोराला घेऊन चौकशीला गेलात तर टेबलापलीकडच्या मॅडमना एवढंच विचारा, की नोकरी लागेल हे कबूल, पण हातातला गेम बाजारात येईपर्यंत ती टिकेल, हे लेखी देता का? मॅडम हसतील आणि फी रोख भरणार की हप्त्याने, ते विचारतील.