प्रामाणिकपणा : १० पॉइंट

खेळायला बसण्याआधी पावणेसहाशे पानं वाचायची असतील तर त्याला खेळ म्हणावं की अभ्यासक्रम, हा प्रश्न ‘गर्प्स’चे दोन जाडजूड ग्रंथ समोर आले की पडतोच. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सने १९८६ साली काढलेला, टेबलाभोवती बसून खेळायचा हा भूमिकांचा खेळ. २००४ च्या चौथ्या आवृत्तीची पानं ५७६. एक जण गेम मास्टर होऊन गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. एखादं धाडस जमलं की फसलं, ते तीन साधे फासे ठरवतात : बेरीज तुमच्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली की जमलं.

इथवर कुणालाही समजेल. पण तलवारीचा एक वार घ्या. मारणाऱ्याने फासे टाकायचे. वार बसतोय असं दिसलं की समोरच्याने तो चुकवायला टाकायचे. नाही चुकला, तर इजा किती यासाठी पुन्हा फासे. त्यातून चिलखताचे वजा. उरलं त्याच्या, कापणारा वार असेल तर दीडपट, भोसकणारा असेल तर दुप्पट. गोष्टीत हे सगळं एका सेकंदात उरकतं. आमच्या हॉलमध्ये तेवढ्यात चहा निवतो.

पुस्तक मिटणारच होतो, तेवढ्यात पात्र घडवण्याचं प्रकरण आडवं आलं. ताकद, बुद्धी, चपळाई सगळं पॉइंट मोजून घ्यायचं. पॉइंट कमी पडले तर अंगी खोडी लावून घ्यायच्या, की त्यांचे पॉइंट परत. खादाडपणाचे ५, आळसाचे १०, विसराळूपणाचे १५. याच यादीत प्रामाणिकपणाही आहे, आळसाच्याच भावाने. खोटं बोलवतच नसेल तर आणखी ५. मी मोठ्याने हसलो. मग ओळखीतले एक निवृत्त इंजिनिअर आठवले. नियमाबाहेरच्या कागदावर सही करायची नाही, या एका हट्टापायी दर दीड-दोन वर्षांनी त्यांच्या घरातली कपाटं नव्या गावातल्या भिंतींना टेकायची. यादी करणाऱ्याने माणसं जवळून पाहिली असावीत.

तर मग शिकावा का? मला वाटतं, लढाईसाठी नको, या बाजारभावासाठी जरूर. शिवाय मेंढीकोट तरी कुणी पुस्तक वाचून शिकलंय? पत्ते हातात येतात आणि मागे बसलेला मामा चुकलं की खांद्यावर टपली मारतो. इथेही सगळ्यांनी वाचायची गरज नाही, एका गेम मास्टरचं वाचन पुरतं. बरेचसे नियम ऐच्छिक आहेत, आणि कंपनीच ३२ पानांची ‘गर्प्स लाइट’ फुकट देते. ती मी छापून घेतलीय.

बायकोने यादीवरून नजर फिरवली आणि विचारलं, “घोरण्याचे किती?” ते किळसवाण्या सवयींच्या सदरात बसवता येतं. तिथे भाव तीन : ५, १० आणि १५. मी ५ म्हणतोय. ती १५ च्या खाली यायला तयार नाही.