चारशे कर्जदारांना त्यांच्या सावकाराचे खुले पत्र

मु. पो. कन्हान, ता. पारशिवनी, जि. नागपूर

प्रिय कर्जदार बंधू-भगिनींनो,

मायना सभेतल्या भाषणासारखा झाला, कारण तुम्ही चारशे जण आहात. माझ्या एक लाखाचे कर्ज-जुळवणीच्या ॲपने अडीचशे-अडीचशेचे चारशे तुकडे केले आणि तुमच्या प्रत्येकाच्या पदरात एकेक टाकला. तुम्ही मला ओळखत नाही, यात तुमचा काही दोष नाही. पीअर-टू-पीअर कर्जाचा, म्हणजे बँकेला वगळून माणसाने माणसाला द्यायच्या कर्जाचा, नियमच असा आहे की पैसे देणाऱ्याची रक्कम आणि व्याजदर कर्जदाराला सांगायचा, त्याचं नाव-गाव नाही. म्हणून मीच कळवतो : मी तुमचा सावकार. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, कोळसा खाणीतून निवृत्त, राहणार कन्हान.

आमच्या भागात सावकार म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरतात. त्याला कोणाचा पगार कोणत्या तारखेला होतो, कोणाची कोणती पाळी आहे, कोणाच्या घरी लग्न निघालंय, सगळं पाठ असतं. तोळाभर सोनं आधी कपाटात जातं, मग नोटा बाहेर येतात. परवाना नसेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली तो तुरुंगातही जाऊ शकतो, हा भाग वेगळा. मला मात्र कोणी परवाना मागितला नाही. आधार, पॅन आणि एक ओटीपी, एवढ्यावर मी सावकार झालो. तारण म्हणाल तर ते घ्यायलाच बंदी. रिझर्व्ह बँकेने 2017 च्या ऑक्टोबरमध्ये या धंद्याचे नियम केले, त्यात या मंचांवर फक्त विनातारण कर्ज चालेल असं स्वच्छ लिहिलंय. थोडक्यात, सावकाराची बदनामी माझी, कपाट मात्र रिकामं.

हा मान मला कसा मिळाला तेही सांगतो. वेकोलितून माणूस निवृत्त झाला की भविष्य निधी आणि ग्रॅच्युइटीचे पैसे एकदम खात्यात येतात, आणि ते खात्यात येण्याआधी बातमी गावात येते. विमावाला येतो, प्लॉटवाला येतो, आणि शेवटी सगळ्यात धोकादायक माणूस, म्हणजे भाचा, येतो. ‘मामा, काहून एफडीत पैसे सडवता? इथं बारा टक्के भेटते, अन् पाहिजे तेव्हा काढता येते,’ असं म्हणून त्याने माझ्याच फोनवर हिरवा पडदा उघडून दाखवला. वर ठळक अक्षरात ‘रिझर्व्ह बँकेकडे नोंदणीकृत’. खाली, जिथं अंगठा ठेवून पडदा सरकवायचा नेमकं तिथं, बारीक टाइपात : नोंदणी दिली म्हणजे कर्जफेडीची हमी रिझर्व्ह बँक घेत नाही. माझ्या चष्म्याचा नंबर त्या टाइपाच्या एक पायरी अलीकडे संपतो.

बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. तुम्ही बुडवलंत तर मला कसलंच नाही. व्याजावर मी कर भरायचा, आणि बुडालेलं मुद्दल त्या व्याजातून वजा करू देत नाहीत, असं आमचे सीए मान खाली घालून म्हणतात.

‘पाहिजे तेव्हा काढता येते’ याचं मला फार कौतुक होतं. तुम्ही बारा-बारा महिन्यांचं कर्ज घेणार, कोणी छत्तीस महिन्यांचं, आणि मी मंगळवारी बटण दाबलं की बुधवारी पैसे हजर. हे कसं, असा प्रश्न खाणीत हजेरीपट लिहिलेल्या माणसाला पडायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. सोपं आहे हो. माझ्या जागी नवा मामा बसवायचा. त्याचे पैसे मला, आणि तुमचं कर्ज त्याच्या नावावर. 16 ऑगस्ट 2024 ला रिझर्व्ह बँकेने हा खेळ थांबवला : एका सावकाराचे पैसे दुसऱ्याला मोकळं करायला वापरायचे नाहीत, ठरावीक मुदतीत ठरावीक परतावा, हवे तेव्हा पैसे, अशा गुंतवणुकीच्या थाटात हे विकायचं नाही, मुद्दल-व्याजाचं सगळं नुकसान पैसे देणाऱ्याचं, आणि ते त्याला आधी स्पष्ट सांगायचं. त्या दिवसापासून बटण तिथंच आहे, फक्त दाबलं की ‘कर्जदाराने हप्ता भरल्यावर रक्कम जमा होईल’ असं उत्तर येतं. म्हणजे इतके दिवस मी ज्याला ॲप समजत होतो ते तुम्ही होतात.

ॲपची काळजी करू नका, त्याचं बरं चाललंय. फी रकमेवर ठरलेली असते. तुम्ही फेडलंत की बुडवलंत यावर ती अवलंबून ठेवायची नाही, असाही नियम आहे. नियम करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण या व्यवहारात तीन पार्ट्या आहेत, त्यातल्या दोघांना रात्री झोप लागते, आणि माझा पंखा पहाटे तीनला कसा आवाज करतो ते मला माहीत आहे.

तुमच्याबद्दल माझ्या मनात अढी नाही. बँकेने ज्याला आनंदाने कर्ज दिलं असतं तो माझ्यासारख्याकडे कशाला येईल? भाचा म्हणतो, चारशे जणांत वाटले की धोकाही वाटला जातो. एकट्या-दुकट्याचं नुकसान पसरतं, हे खरं. पण नोकऱ्या जातात तेव्हा एकाची जात नाही. कन्हानमध्ये कारखाने बंद पडलेले आम्ही पाहिलेत. अशा वेळी गल्लीतल्या सगळ्यांच्या उधाऱ्या एकाच महिन्यात थकतात. आणि अडीचशे रुपयांसाठी वकिलाची नोटीस पाठवायची तर वकील अडीचशेत फोनसुद्धा उचलत नाही.

नागपूरकरांना बुडण्याचा अनुभव नवा नाही. 2013 मध्ये श्रीसूर्या, 2014 मध्ये वासनकर, या गुंतवणूक कंपन्यांवर गुन्हे दाखल झाले तेव्हा लोकांना कुठल्या दारात जाऊन ओरडायचं ते तरी ठाऊक होतं. तुमच्या बाबतीत मी कुठं जाऊ? चीनमध्ये इझुबाओ नावाची अशीच कर्ज-जुळवणीची कंपनी होती, सुमारे नऊ लाख लोकांचे पैसे घेऊन बसली. कर्जदारच बहुतेक बनावट निघाले. हिशेबाच्या बाराशेच्या आसपास वह्या पोत्यांत भरून सहा मीटर खोल पुरल्या होत्या. पोलिसांनी खोदयंत्रं लावून वीस तास खणलं तेव्हा सापडल्या. पुढे 2020 च्या अखेरीपर्यंत चीनने हा धंदाच गुंडाळला. आमच्याकडचे मंच परवानाधारक आहेत, पैसा ट्रस्टीच्या देखरेखीखालच्या एस्क्रो खात्यातून फिरतो, तेव्हा तसला संशय मी घेत नाही. एवढंच वाटतं की सहा मीटर म्हणजे गोंडेगावच्या खुल्या खाणीवाल्यांना किरकोळ काम. पुरलेलं असतं तर आम्ही पाळीत काढलं असतं. तुम्ही मात्र कुठंच पुरलेले नाही, खरेखुरे आहात, जिवंत आहात, आणि नेमका म्हणूनच मी काही करू शकत नाही.

तरी एक सुचवतो. तुमच्यापैकी कोणी रामटेकला दर्शनाला जाणार असाल, तर नागपूरहून गाडी कन्हानवरूनच जाते. उतरा. स्टेशनबाहेर चहा माझ्याकडून. थकलेला हप्ता सोबत आणलात तर भज्यांची प्लेटही.

आपला,
एक-चारशांश सावकार

ता. क. : हप्ता हातात देऊ नका. भाच्याने आताच नियम वाचून दाखवला, रोखीच्या व्यवहाराला सक्त मनाई आहे. खात्यातच भरा, चहा पिऊन जा.