पाव-यंत्र मळेना, तर हरिहरेश्वरात काय करावे

ब्रेड मेकरमध्ये पीठ-पाणी घातले, कळ दाबली आणि वीस मिनिटांनी झाकण उघडले तर पीठ जसेच्या तसे. अशा वेळी यंत्रमालकाने प्रथम चहा टाकावा. हरिहरेश्वरात पडवीत कुठलेही यंत्र उघडले की शेजारचे काका बोलावल्याशिवाय येतात, आणि त्यांचे निदान ठरलेले असते: ‘करंट कमी येतोय.’ त्यांना हसू नये. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर इथल्या गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. तेव्हापासून काहीही बंद पडले की पहिला संशय तारेवर जातो. मात्र यंत्र भाच्याने अमेरिकेहून आणलेले असेल तर तक्रार उलटी असते. ते 120 व्होल्टचे, आपल्याकडे येतात 230. ते मळत नाही, एकदाच धूर सोडते.

करंट ठीक असेल तर अर्धा तास काहीही करू नये. कोकणी माणसाला हा उपाय शिकवावा लागत नाही. गव्हाच्या पिठाचा कार्यक्रम लावला की पुष्कळ यंत्रे आधी पीठ-पाणी सारख्या तापमानावर यावे म्हणून गप्प बसून राहतात, मग मळायला घेतात. पडद्यावर ‘एच एच एच’ अशी अक्षरे उमटली तरी गहिवरून जाऊ नये. यंत्र हरिहरेश्वराचा जप करत नसते. बऱ्याच यंत्रांत त्याचा अर्थ एवढाच, की आतला कप्पा फार तापला आहे. एक पाव निघाल्या निघाल्या दुसरा लावला की असे होते. झाकण उघडे टाकून निवू द्यावे. मे महिन्यात संध्याकाळ उजाडते.

आता पिठाकडे वळावे, कारण खरा घोळ बहुधा तिथेच असतो. यंत्रासोबतच्या पुस्तिकेतले माप मैद्याचे असते: 400 ग्रॅमला साधारण 250 मिलिलीटर पाणी. घरात असते चक्कीवरून दळून आणलेले गव्हाचे पीठ. त्यात कोंडा असतो, शिवाय दगडाखाली स्टार्चचे कण फुटलेले असतात, आणि दोघेही पाणी पितात. तेवढ्या पिठाला 300 मिलिलीटरही सहज लागते. कमी पडले की गोळा दगडासारखा होतो आणि मोटर कण्हू लागते. पावसाळ्यात पीठ हवेतली ओल खाऊन बसलेले असते, तेव्हा हात थोडा आखडता घ्यावा. नवल असे, की तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणारी माणसे इथे पाणी मात्र अंदाजपंचे ओततात.

या मळण्यामागे तपश्चर्या आहे, हे कंटाळलेल्या यंत्रमालकाने ध्यानात घ्यावे. जपानच्या मात्सुशिता कंपनीच्या पहिल्या नमुन्यांत पाव बाहेरून करपे, आतून कच्चा राही. तेव्हा इकुको तानाका ही कंपनीतली अभियंता ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे उमेदवारी करायला गेली. तो पीठ नुसते ओढत नाही, पिळतोही, हे तिने पाहिले. मग भांड्याच्या आतल्या भिंतीला उभे कंगोरे आले आणि 1987 मध्ये यंत्र बाजारात उतरले.

एवढे होऊनही पीठ हलत नसेल तर स्क्रू-ड्रायव्हर काढायला हरकत नाही. आधी प्लग काढावा. खाऱ्या वाऱ्याने तळाचे स्क्रू गंजलेले असतात. ते सुटेपर्यंत दुसरा चहा होतो. आत दातेरी पट्टा दिसेल. तो तुटला, सैलावला किंवा त्याचे दाते झिजले असतील तर नवा घालावा. मोटर नुसती घुमते पण फिरत नाही, असे असेल तर कपॅसिटर गेलेला असू शकतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, म्हणून ते काम घरघंटी दुरुस्त करणाऱ्याकडे सोपवावे. भांड्याच्या तळाचा दांडा अडकला असेल तर गरम पाण्यात भिजवून सोडवावा. काका खोबरेल सुचवतील. ते डोक्यालाच लावावे, दांड्यात काही दिवसांनी त्याचा चिकटा होतो.

पट्टा ताठ, मोटर खणखणीत, दांडा लोण्यासारखा फिरतो. तिसऱ्या चहाला घरातली सर्वांत धाकटी व्यक्ती विचारते, “पण आतलं पातं कुठाय?”

दांड्यावर बसवायचे बोटभर पाते बऱ्याचदा भाजलेल्या पावाच्या बुडात रुतून बाहेर पडते. पाव उलटा करून ते उपटून घ्यायचे असते, हे पुस्तिकेत लिहिलेले असते. कालचा पाव खोलीवर उतरलेल्या पाहुण्यांना वाटेत खायला बांधून दिलेला असतो, आणि पाहुणे बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवून, बाणकोटची खाडी ओलांडून वेशवीला उतरलेले असतात. फोन लावावा. बहुधा तो तिकडूनच येतो: “काकू, पावात काहीतरी लोखंडी लागलं.”

पाते परतीच्या फेरीने कुणाच्या तरी हाती येते. तोवर पाववाल्याकडून दोन लाद्या घ्याव्यात.