शाब्बास म्हणणारा मास्तर

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचं ठरलं. तेव्हापासून मावळातही जर्मन बोलली जाते. निदान मोबाइल तरी बोलतात.

वडिवळ्याच्या पोराला जर्मन शिकायला पुण्याचं मॅक्सम्युलर भवन गाठायचं तर आधी कामशेत, मग लोकल, मग रिक्षा. त्यापेक्षा ओटीवर आडवं पडून ‘तीस दिवसांत जर्मन’चा व्हिडिओ लावलेला काय वाईट? मास्तर दीडपट वेगाने शिकवतो, मध्येच घंटीचं बटण दाबायला सांगतो. ‘माझ्यामागे म्हणा’ म्हणून दोन सेकंद थांबतो आणि कुणी काही म्हटलं नाही तरी ‘शाब्बास’ म्हणतो. असे गुरुजी गणिताला असते तर कोण नापास झालं असतं! पुढे कधीतरी नामांआधीची डेअर, डी, दास ही उपपदं येतात. तीन लिंगांचं मराठी माणसाला खरं तर भय नसावं. पण चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी निघाली, की धडा ‘नंतर पाहू’मध्ये जातो.

व्हिडिओ अगदीच कुचकामी नाहीत. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या झेडपी शाळेतल्या पोरांनी २०१९पासून जपानीचा श्रीगणेशा व्हिडिओंवरच केला. पण सोबत शिक्षक होते, पुढे ऑनलाइन शिकवणारा जाणकारही मिळाला. सोबत कुणी शिकवणारा हवा, ही अट सांगायला आमच्या व्हिडिओतल्या मास्तरांना सवड नसते, जाहिरात लागायची असते. जर्मनच्या पहिल्या पातळीच्या, ए-वनच्या तोंडी परीक्षेत मात्र समोरचा माणूस प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत बसतो, आणि त्याला ‘स्किप’ नसतं.