मेल्या म्हशीला मणभर दूध

वकिलीला मंदी नसते, असे जाणती माणसे छातीठोकपणे सांगतात. तेजीत लोक करार करतात, मंदीत मोडतात. दोन्ही वेळी फी वकिलाचीच. अमेरिकेने 2008 साली हा सिद्धान्त स्वखर्चाने तपासून पाहिला. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. पंचवीस हजारांच्या आसपास पगार देणारी ही बँक बुडाली आणि तिची निरवानिरव करणाऱ्या वकिलांनी, हिशेबनिसांनी व सल्लागारांनी पुढच्या काही वर्षांत दोन अब्ज डॉलरहून अधिक फी लावली. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही आपल्याकडे थट्टा. न्यूयॉर्कात त्या दुधाचे रीतसर बिल निघाले.

तेव्हा सिद्धान्त खरा, पण धंद्यापुरता. धंदा करणाऱ्यांपुरता नव्हे. गृहकर्जांचे गठ्ठे बांधून त्यांचे रोखे करून देण्यात वाकबगार असलेली थॅचर प्रॉफिट अँड वुड ही 1848 पासूनची वकिली पेढी त्याच वर्षअखेर विसर्जित झाली. फेब्रुवारी 2009 मध्ये लेथम अँड वॉटकिन्सने 190 कनिष्ठ वकील आणि 250 कर्मचारी एका दमात कमी केले. गाठ मारणारा घरी बसला, सोडवणारा तासांचा हिशेब लावत राहिला. करारवाल्यांनी दिवाळखोरीचे काम शिकून घ्यावे, असे कुणी म्हणेल. सल्ला उत्तम, पण तासाला शेकडो डॉलर मोजणारा अशील कुणाच्या उमेदवारीचे पैसे कशाला देईल? उमेदवारांच्या वाट्याचे कागद चाळण्याचे काम तर मुंबईतल्या पँजिया-थ्रीसारख्या कंपन्यांकडे आधीच निघाले होते. तिथे ते स्वस्तात होत होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: घरांवर जप्ती आलेल्या कुटुंबांना वकील नको होते का? हवे होते. गरज मुबलक होती, फीच तेवढी नव्हती. अशा गरिबांसाठीच्या मोफत कायदेमदतीचा एक मोठा आधार म्हणजे अशिलांनी वकिलांकडे ठेवलेल्या रकमांवरचे व्याज. मंदीवर उतारा म्हणून फेडरल रिझर्व्हने डिसेंबर 2008 मध्ये व्याजदर शून्याला टेकवला आणि हे उत्पन्नही आटले. गरिबाच्या वकिलाची सोय अशी चोख लावलेली की, गरज वाढली की निधी घटावा! परिणामी एकीकडे कामावाचून वकील, दुसरीकडे वकिलावाचून काम, आणि दोघांची गाठ घालून देणारा बाजार सुट्टीवर. म्हणून मंदीत बुडायचेच असेल, तर शहाण्याने लेहमनएवढे कर्ज करून बुडावे. घर जाते ते जातेच, पण निदान वकील तरी भेटतो.