चौकात तोंड घालण्याची रीत

आरटीओत आठचा आकडा काढता आला की लायसन मिळतं. त्याचा उपयोग पाकिटात ठेवण्यापुरता. खरी परीक्षा सदाशिव पेठेतल्या एखाद्या गल्लीच्या तोंडाशी, संध्याकाळी साडेसहाला, टिळक रस्त्याला लागताना होते. मागे तीन स्कूटर आणि एक टेम्पो आधीच तुमच्या नावाने हॉर्न वाजवत असतात. अशा होतकरूंसाठी हे मार्गदर्शन आहे. अभ्यासक्रमात विषय दोनच आहेत, धिटाई आणि सौजन्य. दोन्हींत पास व्हावं लागतं, पण पेपरांचा क्रम पाळावा. धिटाईचा आधी असतो. सौजन्याचा पेपर आधी सोडवायला बसलेली मंडळी अजून त्याच गल्लीत उभी आहेत.

कायदा माहीत असलेला बरा. 1989 च्या केंद्रीय नियमावलीत असं होतं, की सिग्नल नसलेल्या चौकात शिरताना मुख्य म्हणून ठरवलेल्या रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यावं, आणि तसा मुख्य रस्ता नसेल तर उजवीकडून येणाऱ्यांना. आता चार दिशांनी चार कायदेभीरू एकाच क्षणी आले, तर चौघेही आपापल्या उजवीकडच्याला मान देत रात्रीपर्यंत उभे राहतील. सुदैवाने चार कायदेभीरू एका चौकात, असा योग आपल्या पंचांगात नाही. 2017 साली नवी नियमावली आली. तिची खबर चौकापर्यंत पोचायची आहे, कारण अजून जुनीचीच पोचलेली नाही.

शास्त्रही थोडं पाहू. अमेरिकेतलं हायवे कपॅसिटी मॅन्युअल म्हणतं, की छोट्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर यायला मोटारवाल्याला साधारण सहा-सात सेकंदांची फट लागते. ताशी 30 किलोमीटरने येणारं वाहन सहा सेकंदांत 50 मीटर कापतं. टिळक रस्त्यावर भर संध्याकाळी 50 मीटर डांबर मोकळं दिसलं, तर समजावं की मागे रस्ता खोदलाय, नाहीतर मंत्र्यांचा ताफा येतोय. म्हणजे फट मिळत नसते, ती पाडावी लागते.

ती पाडण्याच्या क्रियेला तोंड घालणे म्हणतात. लोकलमध्ये चौथी सीट मिळवतात तसंच हे, आधी जेमतेम टेकायचं आणि मग हळूहळू पसरायचं. दुचाकीवाल्याने दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पुढचं चाक वीतभर मोठ्या रस्त्यात सारावं. पहिला येणारा शिवी देईल आणि तुमच्या पुढून किंचित वळसा घालून जाईल. त्याने वळसा घेतला की तुम्ही आणखी वीतभर सरका. दुसऱ्याला जरा मोठा वळसा घ्यावा लागतो, तिसऱ्याला त्याहून मोठा. असं करत करत एक रिक्षावाला असा येतो, की त्याचा वळसा थेट दुभाजकाला जाऊन भिडतो. आता त्याला थांबण्यावाचून गत्यंतर नाही. तो थांबला म्हणजे त्याने तुम्हाला वाट दिली असं नव्हे, त्याची वाट संपली. पण निकाल एकच. रिक्षा थांबली, की तिच्यामागचं सगळं थांबतं. निघा.

या काळात डोळे कुठे ठेवायचे, हा सर्वांत नाजूक भाग. येणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊ नये. तुम्ही त्याला पाहिलंत हे त्याला कळलं, की ब्रेक तुम्हीच लावणार हे तो गृहीत धरतो आणि वेग वाढवतो. म्हणून चेहरा समोरच्या मिठाईच्या दुकानाच्या पाटीकडे ठेवावा आणि पाहण्याचं काम डोळ्याच्या कोपऱ्यावर सोपवावं. बाजीराव रस्त्यासारख्या एकेरी रस्त्याला लागताना नवखी माणसं वाहतूक येते तेवढीच बाजू बघतात. ही भाबडी श्रद्धा आहे. जिकडून कुणी येऊ नये तिकडून कडेकडेने, मोबाइल खांदा आणि कान यांच्यात धरून, एक गृहस्थ येतच असतात. ठोकर लागलीच, तर “बघून चालवता येत नाही का?” हा प्रश्न तेच आधी विचारतात.

इंडिकेटरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो गेल्या वळणाचा चालू राहिलेला असतो.

हाताचं मात्र तसं नाही. चालवणाऱ्याने हात दाखवला तर बहुधा अवलक्षणच पदरी पडतं. मागे बसलेल्या बाईंचा हात ही निराळीच सत्ता आहे. एका हाताने मांडीवरची भाजीची पिशवी सावरत त्या दुसरा हात आडवा काढतात, पंजा खाली आणि बोटं किंचित हलती. पीएमपीएमएलची अख्खी बस त्या बोटांपुढे थबकते. ज्यांच्यामागे असं कुणी बसलेलं नाही त्यांनी रस्ता ओलांडणाऱ्या आजींची वाट पाहावी. आजी आल्या, त्यांनी वाहनांकडे न बघता तळहात उगारला आणि पाऊल टाकलं, की तुम्हीही त्यांच्या पलीकडच्या अंगाला, त्यांच्याच चालीने निघावं. आजींच्या पुढे जाऊ नये. त्यात सौजन्य आहे, शिवाय आजी संपल्या की आडोसाही संपतो.

डिपरचा अर्थ देशागणिक बदलतो, हे परदेशातून सुट्टीवर आलेल्या भाच्याला गाडी देण्याआधी सांगून ठेवा. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये दिवा उघडझाप करण्याचा अर्थ एवढाच, की मी इथे आहे. प्रत्यक्षात तिथले लोक तो ‘या तुम्ही’ असं म्हणायलाही वापरतात. आपल्याकडे डिपर म्हणजे ‘मी थांबणार नाही, पुढचं तुमचं तुम्ही बघा’. भाचा हसून हात हलवत गाडी बाहेर काढतो, आणि मग बंपरचा खर्च मामाकडे. (चौकातल्या मामांचा इथे संबंध नाही. ते चौक संपल्यावर झाडाच्या सावलीत, वेगळ्या कामात असतात.) हॉर्नचं म्हणाल, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात गरजेविना हॉर्न वाजवण्याला पहिल्या खेपेस 1000 रुपये दंड आहे. तेव्हा गरज आहे असा चेहरा करूनच वाजवावा.

आता सौजन्य. तुम्ही आडवे आलात, समोरच्याला ब्रेक मारावा लागला, तुमची गाडी अर्धी रस्त्यात आहे. मान किंचित तिरकी करून हलकं स्मित करण्याची वेळ ती हीच. तो म्हणेल, “ओ काका, दिसत नाही का?” त्यावर “तुला दिसलो ना? मग झालं,” इतकंच बोलावं. तिसरं वाक्य निघालं की गाड्यांची स्टँडं लागतात.

दुसऱ्याला वाट देण्याचं सौजन्य यापेक्षा जोखमीचं. मोठ्या रस्त्यावर थांबून तुम्ही एका स्कूटरला येऊ दिलंत, तर तिच्यामागून पंधरा जणांची माळ ओवलेली येते. शेवटचा तुमच्याकडे ‘अजून इथेच?’ अशा नजरेने बघून जातो. म्हणून सौजन्य मोजून करावं, एक नग. शिवाय ‘जा, जा’ असा हात करू नये. हे मी थट्टेत सांगत नाही. तुम्ही थांबलात ते तुमच्यापुरतं, तुमच्या डाव्या अंगाने सुसाट येणारा मोटारसायकलवाला त्या करारात नसतो. हाताच्या भरवशावर निघालेला माणूस त्याच्याच पुढ्यात जातो. थांबायचं तर नुसतं थांबावं, बघायचं काम त्याचं त्याला करू द्यावं.

अँब्युलन्स आली तर वरचं सगळं विसरून बाजूला व्हावं. न होण्याला 10000 रुपये दंड आहे, पण तो नसता तरी व्हावं. तिच्या शेपटाला चिकटून अलका टॉकीजचा चौक पार करणाऱ्या पाच-सहा गाड्यांत रुग्णाचे नातेवाईक किती, ही चौकशी तूर्त नको.

एव्हाना तुम्ही मोठ्या रस्त्याला लागला असाल. अभिनंदन. तिसऱ्या गियरमध्ये या. पुढच्या बोळातून एक पुढचं चाक वीतभर बाहेर आलंय, चालवणारा मिठाईच्या दुकानाकडे बघतोय. काय माणसं असतात! हॉर्न द्या, डिपर मारा आणि त्याच्या पुढून वळसा घ्या. दुभाजक अजून लांब आहे.